व इतर महिला

आमच्याकडे नोंद न होता साठणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे किस्से. बाकी आम्ही पीएमटी बसच्या जुन्या तिकिटालाही नंबर देतो, कारण तिकिटाच्या मागे कुणीतरी घोषणा जुळवून पाहिलेली असते. किश्श्यांचं तसं नाही. ते ऐकायचे, घरी जाताना रिक्षात एकटीनंच चरफडायचं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सांगून मोकळं व्हायचं. आता इतके झालेत की चहा पुरत नाही, म्हणून काही तुमच्या गळ्यात मारते.

'आमच्याकडे' म्हणजे नारायण पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. शेजारी दातांचे डॉक्टर. बायकांच्या संघटनांचे जुने कागद आम्ही इथं जपतो: सभांची इतिवृत्तं, पत्रकं, निवेदनं, फोटो, अटकेच्या नोटिसा. हे सुरू केलं सुलभाताईंनी. वय चौऱ्याऐंशी, आणि त्यातली तीस वर्षं त्या आमच्या महिला संघटनेच्या अध्यक्षा होत्या. मी वासंती. बँकेतून रिटायर झाल्यावर 'चार दिवस मदत कर' म्हणून त्यांनी बोलावलं, त्याला नऊ वर्षं झाली. आणि शनिवारी खराडीहून ऋतुजा येते. आठवडाभर ती कुठल्याशा परदेशी विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळते, शनिवारी आमचा स्कॅनर.

भिंतीवर एक फोटो आहे, त्याच्याबद्दल आधीच सांगते. पन्नासेक वर्षांपूर्वीचा मोर्चा. मार्केट यार्डात धान्य निवडणाऱ्या बायकांचा, पाळणाघर हवं म्हणून काढलेला. एकोणीस बायका, एकीच्या कडेवर मूल. मधोमध सुलभाताई, पस्तिशीच्या, जाड काळ्या काड्यांचा चष्मा, हातात कर्णा. आज सांगूनही खरं वाटत नाही की ही तीच बाई. उरलेल्या अठरा जणींची नावं कुणालाच माहीत नाहीत. सुलभाताईंना एकेकाळी होती. आता सकाळची गोळी घेतली की नाही हेही त्या मला विचारतात.

"मी जायच्या आत या बायकांची नावं लागली पाहिजेत," असं त्या फोटोकडे बघून म्हणतात. पूर्वी महिन्यातून एकदा म्हणायच्या, हल्ली आठवड्यातून दोनदा.

*

संघटनेच्या एक जुन्या चिटणीस वारल्या. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाचा कोथरूडहून फोन आला. "आईचं कपाट क्लिअर करतोय, तुम्हाला काही हवं असेल तर बघून जा." मी आणि ऋतुजा तासाभरात पोचलो. कपाट क्लिअर झालेलं होतं. सकाळीच रद्दीवाला येऊन गेला होता.

खालच्या कप्प्यात मात्र फायली होत्या, एकसारख्या, पाठीवर लेबलं लावलेल्या. माझा जीव भांड्यात पडला. उघडून पाहते तर वडिलांची विजेची बिलं. अठ्ठावीस वर्षांची, महिनावार. "बाबांचं सगळं ठेवलंय," मुलगा म्हणाला. "बाबा फार व्यवस्थित होते."

आम्ही रद्दीचं दुकान शोधत गेलो. दुकानदारानं काही न विचारता फळीखालून गठ्ठा काढला. सभांच्या अकरा वह्या होत्या. "सह्यांचे कागद मी लगेच पुड्यांसाठी फाडत नाही, बाई. कुणीतरी येतंच," तो म्हणाला.

वह्या मिळाल्या हे मुलाला कळवायला मी फोन केला. कुठंतरी वाटत होतं की त्याला बरं वाटेल, निदान जरा लाज वाटेल.

"अरे, कशाला एवढा त्रास घेतलात," तो म्हणाला. "त्यात महत्त्वाचं काही नव्हतं. आईचंच होतं सगळं."

*

आमच्या दारावरच्या पाटीत 'महिला' हा शब्द आहे, ही आमची चूक. त्यामुळे संक्रांतीला आम्हाला तिळगूळ-स्पर्धेच्या परीक्षक म्हणून बोलावणं येतं आणि होळीच्या आधी पुरणपोळीची ऑर्डर.

एकदा एका बाईंचा फोन आला. पन्नास पोळ्या हव्या होत्या. मी सांगितलं, आम्ही पोळ्या करत नाही.

"मग शिवणक्लास का?"

"नाही."

"भजनी मंडळ?"

"नाही हो. पूर्वी बायकांनी काय काय केलं ते आम्ही जपून ठेवतो. कागदपत्रं, वह्या..."

"अय्या, म्हणजे रेसिपी!" बाई म्हणाल्या. "मग तर तुमच्या पोळ्या चांगल्याच असणार."

*

कागद देणाऱ्यांसाठी आमचा एक फॉर्म आहे. वरच्या रकान्यात कागद कोणाचे, खालच्या रकान्यात आणून कोणी दिले. दोन ओळींचा फॉर्म, चुकायला जागा नाही असं मला वाटायचं.

एक आजोबा-आजी आले. आजींनी महागाईच्या आंदोलनात तुरुंग पाहिलेला. पिशवीत त्यांची तेव्हाची पत्रकं होती. आजोबांनी पेन उघडलं, खालच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. छान वळणदार अक्षर. मग वरच्या रकान्यात 'सौ.' लिहिलं आणि पुढे पुन्हा स्वतःचंच पूर्ण नाव.

"काका, यांचं नाव?" मी विचारलं.

"लिहिलंय की."

"यांचं स्वतःचं."

आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या घरात चपला घालून शिरले. मग समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "हे बघा, हिचं सगळं कार्य माझ्या पाठिंब्यामुळे झालं. त्या काळात कोण नवरा बायकोला तुरुंगात जायची परवानगी देईल? मी दिली!"

आजी इतका वेळ पिशवीचे बंद सोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, परवानगी कधी दिलीत? मी चार दिवस येरवड्याला होते, तेव्हा तुम्हाला वाटत होतं मी माहेरी आहे."

आजोबांनी पेनाला टोपण लावलं. फॉर्मवर मी नाव लिहून घेतलं, इंदुमती. आजी म्हणाल्या, नीट लिही, पुष्कळ दिवसांत लिहिलेलं पाहिलं नाही.

*

दातांच्या डॉक्टरांकडे गर्दी असली की त्यांचे पेशंट आमच्या बाकावर येऊन बसतात. आम्ही बसू देतो. पुण्यात असूनही.

एकदा असेच एक प्राध्यापक बसले होते, गाल धरून. इतिहासाचे. मी त्यांना ओळखलं, कारण आदल्याच आठवड्यात त्यांचं व्याख्यान ऐकलं होतं. त्यात त्यांनी हळहळून सांगितलं होतं की शहरातल्या स्त्रियांच्या चळवळीबद्दल लिहायची फार इच्छा आहे, पण काय करणार, कागदपत्रंच उपलब्ध नाहीत. सभागृहानंही हळहळून मान हलवली होती. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्यांवर आहे. या बाकावर बसायला त्यांची दाढ किडावी लागली!

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. चौदा कपाटं, माळ्यापर्यंत खोकी. उठून दोन-तीन वह्या चाळल्या. गाल विसरले. "बापरे, हे सगळं कुठलं?" वगैरे झालं. मला वाटलं, आता माफी मागतात. शेवटी वही मिटून गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "पण हे अधिकृत आहे का?"

सुलभाताई कोपऱ्यात भिंग लावून पेपर वाचत होत्या. त्यांनी भिंग बाजूला केलं.

"नाही हो. आमच्यात काही जणी स्वेटर विणायच्या, काही जणी हे."

*

ऋतुजानं एकदा फार खटपट करून खराडीतल्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबांना आमच्यासाठी वेळ द्यायला लावला. कंपनीच्या लॉबीत महिला दिनाला फोटोंचं प्रदर्शन लावायचं, असा बेत होता. काचेची खोली, एसी इतका की मी शाल पांघरून बसले. ऋतुजा एकेक फोटो स्क्रीनवर दाखवत होती. धरणं, मोर्चा, सभा, उपोषण.

साहेब सभ्य होते. मराठीत बोलत होते, मधूनमधून हिंदीत शिरत होते. "खूप पॉवरफुल आहे," ते म्हणाले. "फक्त जरा निगेटिव्ह वाटतंय. सगळ्या चिडलेल्या दिसतायत. काही हॅपी फोटो नाहीत का? म्हणजे पापड वगैरे, एम्पॉवरमेंट टाइप?"

"सर, हा रॉकेल मिळत नव्हतं तेव्हाचा मोर्चा आहे," ऋतुजा म्हणाली.

"हो हो, तरी पण. एखादी तरी स्माइल करत असेल ना?"

ऋतुजा या पिढीची असली तरी वाढलेली सदाशिव पेठेत आहे. लॅपटॉप बंद करत ती शांतपणे म्हणाली, "सर, समोर पोलिसांची व्हॅन उभी होती. पुढच्या वेळी सांगते त्यांना, जरा इकडे बघून हसा म्हणून."

प्रदर्शन झालं नाही. त्या लॉबीत महिला दिनाला मेंदीचा स्टॉल होता.

*

इतका वेळ मी दुसऱ्यांची उणीदुणी काढली. आता घरची सांगते, कारण सगळ्यात जास्त संताप मला त्याच दिवशी आला होता.

दर मंगळवारी दुपारी आमच्याकडे ओळख-परेड असते. जुन्या कार्यकर्त्या येतात, पोहे-चहा होतो, एकेक फोटो मधे ठेवायचा आणि कोण कोण ते सांगायचं. मी ते ओळख-वहीत उतरवते. सुलभाताईंनी घालून दिलेले नियम दोनच. सांगणारी सांगत असताना मध्ये बोलायचं नाही. आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. त्यामुळे आमच्या वहीत 'डावीकडून तिसरी मंदा, तिच्या अंगावरची साडी माझी आहे, अजून परत दिलेली नाही' अशाही नोंदी आहेत.

पण यार्डाचा फोटो मधे ठेवला की सगळ्या गप्प. "सुलभा," एवढं एक बोट मधोमध पडतं. "बाकीच्या यार्डातल्या गं. फार धीट होत्या." बस. एकीलाही एक नाव येत नाही.

फोटोखाली चौकटीत मजकूर आहे: 'सुलभाताई व इतर महिला.' हा मजकूर तेव्हाच्या वर्तमानपत्रात आला होता, तसाच्या तसा मी टाइप करून चिकटवला. त्या वर्तमानपत्रावर मी वर्षानुवर्षं तोंडसुख घेत आले. अठरा बायका उन्हात चालल्या, एक तर लेकरू घेऊन चालली, आणि तुम्हाला एकीचं नाव विचारावंसं वाटलं नाही? आल्यागेल्याला मी हे ऐकवायचे. ऐकणारा मान हलवायचा. मला बरं वाटायचं.

मग एका शनिवारी ऋतुजा त्या सालची फाइल स्कॅन करत होती. थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे बघा."

पेपरात द्यायच्या बातमीची कार्बन कॉपी होती. आमच्याच संघटनेनं पाठवलेली. सुलभाताईंच्या हातची, ते ठसठशीत अक्षर मी आंधळेपणीही ओळखीन. सोबत फोटो, आणि फोटोखाली छापायचा मजकूर: 'सुलभाताई व इतर महिला.'

त्याच फाइलमध्ये मोर्चाचं निवेदनही होतं. खाली अठरा अंगठे. अंगठ्यांसमोर नावं लिहायला रेघा आखलेल्या होत्या, पट्टीनं, सरळ. त्या तशाच कोऱ्या होत्या.

मी दोन्ही कागद सुलभाताईंसमोर ठेवले. जरा आपटलेच. मला वाटलं, त्या म्हणतील आठवत नाही. हल्ली त्यांना ते शोभतं. त्यांनी भिंग घेतलं, बराच वेळ पाहिलं.

"घाई होती," त्या म्हणाल्या. "पाचच्या आत निवेदन द्यायचं होतं. रेघा मी आखल्या. शाईचा पॅड माझ्या हातात होता. एकेकीचा हात मी धरला, वासंती." आणि मग म्हणाल्या, "अठरा नावं लिहायला कितीसा वेळ लागतो?"

मी कागद परत फाइलमध्ये लावले. नऊ वर्षांपूर्वी तो मजकूर टाइप करताना मीही कुणाला काही विचारलं नव्हतं.

*

ऋतुजानं मात्र डोक्यात घेतलं. फोटो मोबाइलवर घेऊन ती तीन शनिवार मार्केट यार्डात हिंडली. भुसाराच्या गाळ्यांतून, चहाच्या टपऱ्यांवरून. "फेसबुकवर टाका," "पोलिसांत द्या," "कुणी हरवलंय का?" असे सगळे सल्ले मिळाले. तिसऱ्या शनिवारी एका हमालानं पाठीवरचं पोतं उतरवलं, हात पुसले, फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाला, "ही लेकरूवाली? ही आमची हिराआत्या."

"कुठं असतात त्या?"

"घरी हाय की. जेवत आसंल आता."

पुढच्याच मंगळवारी हिराबाई आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेली, हिरवं नऊवारी, नात सोबत. दोन जिने चढून आल्यावर त्यांना आधी दातांच्या डॉक्टरांकडे काम करणाऱ्या बाईनं नंबर देऊन बसवलं होतं. तिथून सोडवून आणलं. त्या दिवशी बाकी कुणी आलं नव्हतं. खोलीत मी, ऋतुजा आणि खुर्चीत सुलभाताई, मांडीवर शाल. हिराबाईंनी त्यांना वयाला मान म्हणून नमस्कार केला आणि पाणी मागितलं.

मी चौकट भिंतीवरून काढून त्यांच्यापुढे ठेवली. हिराबाईंनी पदरानं काच पुसली. मग खालच्या मजकुरावर बोट टेकवलं.

"आमच्या खाली काय लिवलंय?"

पहिला अर्धा मजकूर मी गिळला. "व इतर महिला," मी वाचलं.

"इतर म्हंजी?"

"म्हणजे... ज्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, त्यांना आम्ही इतर लिहितो."

"आसं व्हय." त्यांना राग आला नाही. त्यांना आला असता तर मला सोपं गेलं असतं. "मंग लिवा आता."

मी वही उघडली. त्यांनी डावीकडून सुरुवात केली. ही सखू, पाखडायला हिचा हात धरणारी कुणी नव्हती. ही पारू, हिला मोर्चात यायचं म्हणून सासूनं दोन दिवस जेवायला घातलं नाही, तरी आली. ही रखमा आणि ही तिची जाऊ चंद्रभागा, घरात बोलत नव्हत्या, पण मोर्चात शेजारी हाईत बघा. ही हौसा. ही शेवंता, गेली बिचारी, पाळणाघर झालं त्याच साली. कडेवरचं लेकरू? "ही हिची आई," नातीकडे बोट करून त्या म्हणाल्या. नात फोटोवर वाकली ती वाकलेलीच राहिली.

एकही नाव अडलं नाही. सतरा जणी झाल्या, स्वतःला धरून अठरा. माझं लिहिणं मागे पडायचं तेव्हा त्या थांबायच्या. ऋतुजाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सुलभाताई एकेका नावाला ओठ हलवत होत्या, वर्गात पाढे म्हणणाऱ्या मुलीसारख्या.

मग हिराबाईंचं बोट मधोमध आलं. काळ्या काड्यांचा चष्मा, हातात कर्णा.

"ही..." त्या थांबल्या. चौकट जवळ घेतली, लांब धरली. "ही शहरातली व्हती. बाई चांगली व्हती, खोटं कशाला बोलू. माझं लेकरू घेतलं व्हतं तिनं येळभर."

मी तोंड उघडलं. सुलभाताईंचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथंच घट्ट राहिला.

"न्हाई, हिचं नाव काय मला ठावं न्हाई," हिराबाई म्हणाल्या आणि माझ्या वहीकडे बोट दाखवलं. "हिला इतर लिवा."

मी सुलभाताईंकडे पाहिलं.

"बघतेस काय?" त्या म्हणाल्या. "लिही."